शेवटच्या कडव्यातलं नाव

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवळात गेलो तेव्हासुद्धा ही एक गोष्ट चपलांसारखी बाहेर काढून ठेवली आणि मगच आत पाऊल टाकलं.

तुम्हाला सांगतोय म्हणून हुरळून जाऊ नका. तुमच्यावर माझा विश्वास आहे असं काही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढीच तुमची लायकी मला पुरेशी आहे. उलट — खरं सांगू? — तुमचा मला रागच येतो. तुम्ही टाळ्या वाजवता. डफावर थाप पडली, कोणीतरी छाती काढून कोण कसा मेला ते सांगायला लागला, की तुमचे हात आपोआप वर येतात. मेलेल्या माणसाला शेवटच्या घटकेला काय हवं होतं, हे विचारलंय तुम्ही कधी? ते गाण्यात नसतं. गाण्यात ते येणार नाही याची काळजी गाणं रचणारा घेतो. मी घेतली होती.

आमच्या हिंगोलीकडच्या गावांतून आबांचा पोवाडा म्हणतात. शाळेतली पोरं झेंड्याच्या दिवशी म्हणतात, जत्रेत म्हणतात. निजामाच्या नाक्यावर आबा कसे पडले, कोण त्यांना सोडून पळालं आणि कोण शेवटपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिलं — असा तो पोवाडा. जवळ बसून राहिलेला तो मी. केशव, डोंगरकड्याचा. पळाला तो ग्यानबा, साखऱ्याचा.

आणि पोवाडा रचला मी. हेही कोणाला ठाऊक नाही. पण हे त्यातल्या त्यात सोपं आहे, म्हणून आधी सांगून टाकलं.

माझं डोकं फिरवलं ते इंग्रजांच्या जुन्या वीरकाव्यांनी. आमच्या बापानं तूर विकून मला हैदराबादला कॉलेजात धाडलं होतं आणि तिथे एक मद्रासी प्रोफेसर आम्हाला अँग्लो-सॅक्सन शिकवायचे — म्हणजे इंग्रज हे इंग्रज होण्याच्याही आधीचे लोक. लाकडाचा मोठा दरबार, मधाची दारू, सरदार आपल्या हातातली सोन्याची कडी काढून गड्यांना देतोय, आणि एकेक गडी प्याला हातात घेऊन सगळ्यांदेखत सांगतोय की उद्या लढाईत मी अमुक करीन. बोलला की बांधला गेला. सरदार पडला तर त्याच्या प्रेताभोवती लढत मरायचं. जिवंत परत आलास तर तुझं नाव, तुझ्या बापाचं नाव, सगळं शिवी होऊन जाणार. दर ओळीत एकच अक्षर घणासारखं पुन्हा पुन्हा पडायचं आणि ओळीच्या मधोमध श्वास तुटायचा. मी ते पाठ करायचो. हॉस्टेलच्या गच्चीवर मोठ्यानं म्हणायचो. चोवीस तास पुस्तकात डोकं घालून बसणारा, सायकलवरून पडलो तरी डोळ्यांत पाणी येणारा मी — मला वाटायचं, मी त्या दरबारातला आहे. चुकून डोंगरकड्यात जन्मलो.

आज ती काव्यं माझ्या समोर आली तर मी चुलीत घालीन. घालतो कसला. शिकवली मी ती पुढे, वर्षानुवर्षं, पोरांना.

निजामाच्या राज्याचा तो शेवटचा उन्हाळा. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, तिथे निजामाचा अंमल नव्हता. आमच्या बाजूचे तरणे गडी नदी ओलांडून तिकडे एका आमराईत जमले होते. तिथून अलीकडे यायचं, निजामाचं जकातीचं नाकं — त्याला आम्ही करोडगिरी म्हणायचो — जाळायचं आणि परत पलीकडे जायचं, असं चाललं होतं. मीही गेलो. मी बी.ए. म्हणून मला सगळे मास्तर म्हणायचे, तेव्हा मी एका पोराला एक धडा शिकवला नव्हता तरी.

आमचे म्होरके आबा. शिरड शहापूरचे, चाळिशीचे, गालात कायम तंबाखूची गोळी. आबांचा एकच नियम होता आणि तो ते रोज सांगायचे: "बाजी फिरली का पळायचं. मागं वळून बघायचं न्हाई. मला मेलेले गडी नकोत, मला उद्या कामाला येणारे गडी पायजेत." मला हे ऐकून लाज वाटायची. हा कसला सरदार? मी मनात म्हणायचो, याच्यावर काव्य कोण करणार?

दुपारी झाडाखाली सगळे भाकरी खायला बसले की मी माझ्या वीरांच्या गोष्टी सांगायचो. ऐकायचे सगळे. आवडायच्या त्यांना. एक दिवस मी रंगात येऊन सांगत होतो की सरदार पडला, आणि त्याचे गडी एकामागून एक त्याच्याभोवती कसे पडत गेले. ग्यानबा समोर बसला होता. साखऱ्याचा कोरडवाहू शेतकऱ्याचा पोरगा, बोलायचा थोडं, आणि जे बोलायचा ते नेमकं माझ्याच वर्मी लागायचं. त्यानं तोंडातला घास गिळला.

"समदेच मेले म्हणता, मास्तर?"

मी म्हणालो, सगळे. एकही मागे हटला नाही.

"मंग हे गाणं केलं कोणी?" तो म्हणाला. "कोणीतरी झुडपात बसून पाहून राहिलं असंल, न्हाई का?"

आबांना तंबाखूचा ठसका लागेपर्यंत हसू आलं. अख्खी आमराई हसली. कित्येक दिवस कोणी झाडामागे लघवीला गेला तरी बाकीचे ओरडायचे, काय रे, गाणं करून राहिला का? मीही हसायचो त्यांच्यात. रात्री दात खायचो. त्या एका प्रश्नासाठी मी ग्यानबाचा द्वेष केला. तुम्हाला वाटेल, एवढ्यावरून? हो, एवढ्यावरून. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत फार मोठं असतं त्यांना एवढंसं पुरतं.

मग मी एक नाटक काढलं. नाक्यावर जायचं ठरलं तेव्हा आबांना म्हणालो, आपल्याकडेही रीत आहे — तबकात विडा ठेवायचा, जो उचलेल त्यानं काम अंगावर घ्यायचं. प्रत्येकासाठी एकेक विडा ठेवू, आणि जो उचलेल त्यानं सगळ्यांदेखत बोलायचं, मी काय करीन ते. प्याल्याच्या जागी विडा, एवढाच फरक. आबा म्हणाले, ठेव बाबा, पानं खायला तरी मिळतील.

मी पहिला विडा उचलला. उभा राहून म्हणालो — शब्द न् शब्द आठवतोय, आठवावा लागतोय — म्हणालो, आबांच्या अंगावर वार येईल तो माझ्या अंगावरून जाईल. आबा पडले तर त्यांच्याशेजारी मी पडलेला दिसेन. लोकांनी वाहवा केली. ग्यानबाची पाळी आली तेव्हा त्यानं विडा उचलून सरळ तोंडात टाकला आणि चावत म्हणाला, "आबा सांगतील ते करीन." पुन्हा हसले सगळे. तो सगळ्यात कमी बोलला, आणि बोललेलं त्या दिवशी एकट्यानं पाळलं. पण थांबा — क्रमानं सांगतो. क्रम चुकला की मला पळवाट सापडते.

बाजाराचा दिवस होता. भर दुपार. नाक्यावरचे दोघे कारकून आम्हाला पाहूनच धूम पळाले, कोणाला बोट लावावं लागलं नाही. आम्ही छपराला काडी लावली. तेवढ्यात वरच्या रस्त्यानं लॉरी आली. रझाकार होते, दहा-पंधरा असतील, कोण मोजतो? गोळ्या सुटल्या. मी आबांच्या अगदी शेजारी होतो, विड्याच्या वेळी सांगितलं होतं तसा. आबा एकदम खाली बसले. पोटावर हात. दुसऱ्या हातानं त्यांनी माझ्या धोतराचा सोगा धरला.

मी तो ओढला. सुटेना. मी दोन्ही हातांनी ओढला, तो फाटला, आणि मी पळालो.

झालं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. पण एवढंच असतं ना, तर मी हे लिहिलंच नसतं. भेदरलेला माणूस पळतो, हे तुम्ही माफ केलं असतं, आणि तुमची माफी मला नकोय.

मी नदीच्या पात्रात उतरलो आणि लव्हाळ्यात आडवा झालो. पैनगंगा उन्हाळ्यात वाळूच असते सगळी, मधून पाण्याची एक धार. ती धार माझ्या पायांवरून वाहत होती. थोड्या वेळानं ग्यानबा आला. आबांना पाठीवर घेऊन आला, धापा टाकत. त्यानं त्यांना काठच्या बाभळीच्या सावलीत, वाळूवर टेकवलं, ओंजळीनं थोडं पाणी पाजलं. बाकीचे गडी मागून येत होते, त्यातला एक पायात गोळी लागून लंगडत होता. आबांनी ग्यानबाला सांगितलं, "यांना पल्याड ने. आधी यांना ने. हुकूम हाय." ग्यानबा नाही म्हणाला. आबांनी त्याला आईवरून शिवी दिली. मग तो उठला. म्हणाला, बाज घेऊन येतो, चार जण घेऊन येतो. आणि लंगडणाऱ्याला खांद्यावर टाकून सगळ्यांना घेऊन पाण्यातून पलीकडे गेला.

हे मी पाहिलं. ऐकलं. दुसऱ्या कोणी ऐकलं नव्हतं — बाकीचे तोवर पाण्यापर्यंत पोचले होते. ग्यानबाच्या अब्रूचा जगात एकच साक्षीदार होता आणि तो लव्हाळ्यात पालथा पडला होता.

ऊन कलल्यावर ग्यानबा बाज आणि माणसं घेऊन परत आला तेव्हा आबा गेलेले होते आणि मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. आबांच्या मुठीत माझ्या धोतराची चिंधी होती. लोकांनी ती पाहिली, माझं फाटकं धोतर पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. मरताना मास्तरला धरून होते, म्हणाले. सोडवत नव्हतं आबांना. मला बोलावंच लागलं नाही — चिंधीच बोलत होती.

एकटा ग्यानबा रडला नाही. तो वाकला, आबांच्या ओठांवरची वाळू त्यानं बोटानं पुसली. मग माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, तोंड कोरडं काहून हाय?"

मी म्हणालो, मी आलो तेव्हा ते गेलेलेच होते. लगेच लक्षात आलं की मुठीतली चिंधी वेगळं सांगतेय. म्हणून म्हणालो, म्हणजे जात होते. बोलत नव्हते. तो फक्त पाहून राहिला. ती नजर घेऊन मला जगायचं नव्हतं. आता माझ्यापुढे दोनच रस्ते होते — खरं बोलायचं, किंवा त्या नजरेची किंमत संपवून टाकायची. ज्याच्यावर सगळे थुंकतात त्याच्या प्रश्नाला कोण उत्तर मागतं?

आमराईत त्याच दिवशी मी सहज विचारलं, ग्यानबा, तू आबांना टाकून आलास कसा रे? तो म्हणाला, आबांचा हुकूम होता. मी म्हणालो, हुकूम ऐकला कोणी? मी मुद्दाम जरा थांबलो, सगळ्यांकडे पाहिलं, आणि पुन्हा विचारलं, कोणी ऐकला?

नंतर पोवाडा. वऱ्हाडातल्या बाजारात एक फिरता गोंधळी यायचा, त्याच्या गळ्यात मी तो उतरवला. कोणीतरी रचलाय, मी ऐकलाय, असं सांगून. माझ्या इंग्रज कवींचं मी सगळं उचललं होतं — घणासारखं पडणारं अक्षर, आणि शेवटी पळालेल्याचं नाव, गावासकट, म्हणजे गाणं आहे तोवर त्याला कुठे तोंड लपवायला जागा नको. शेवटचं कडवं असं होतं:

पोळल्या वाळूत पोशिंदा पडला, पाणी उशापाशी;
पाठ फिरवून पैलतीरी ग्यानबा, साखऱ्याचा रहिवासी.

पाणी उशापाशी. हे शब्द मी का घातले? यमकासाठी म्हणता येईल. तसं मी पुष्कळदा म्हटलं स्वतःला.

पावसाळ्याच्या तोंडी ते गाणं नदी ओलांडून आलं आणि पोळ्यापर्यंत गावोगाव झालं. साखऱ्यात ग्यानबाच्या मागे लहान लेकरं ते म्हणत फिरायची. पंगतीत तो बसला की शेजारचा पत्रावळ उचलून दुसरीकडे जायचा. त्याच्या बहिणीचं औंढ्याच्या बाजूला जमलेलं लग्न मोडलं, कुंकू लावून झालेलं. नवऱ्या मुलाच्या बापानं निरोप धाडला — पळपुट्याच्या घरातली पोरगी नको. पुढे ती पोरगी एका बिजवराला दिली, तिच्या बापाच्या वयाच्या. हे मला कळलं त्या दिवशी मी जेवलो. नेहमीएवढाच जेवलो.

ग्यानबाला पहिल्याच वेळी ऐकून कळलं असणार कोणी रचलंय ते. दर ओळीत तेच तेच अक्षर आपटायची खोड त्यानं आमराईत शंभर वेळा ऐकली होती. आणि गाणं कोणी केलं हे कळलं की झुडपात कोण होतं हे कळायला काय उशीर? त्याचाच प्रश्न होता तो. पण बोलला नाही. का? मला ठाऊक नाही. मोठ्या मनाचा होता वगैरे म्हणू नका. मला तो आजही आवडत नाही. मेला बिचारा केव्हाच, तरी नाही आवडत. ज्याचं आपण वाटोळं केलं तो आवडेनासा होतो, हे तुम्ही करून पाहिलं नसेल तर ऐकून ठेवा.

मग निजाम गेला. आम्ही सगळे घरी परतलो. मला गावात शाळा मिळाली, खरा मास्तर झालो. थंडीत एकदा बशीरचाचा घरी आला. डोंगरकड्याचाच बांगडीवाला मण्यार, पेटी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरणारा. निजाम गेल्यावर त्याची पेटी बरेच महिने घराबाहेर पडली नव्हती. का, ते तुम्हाला ठाऊक आहे — आमच्यातल्या वीरांना तेव्हा बांगड्या विकणारा म्हातारासुद्धा रझाकार दिसत होता. नुकता कुठे तो पुन्हा हिंडायला लागला होता. बायकोच्या हातात बांगड्या भरता भरता म्हणाला, "मास्तर, उधर शिरड में तो लोगां कुछ और बोलते. बोलते, वो गाना ग्यानबा ने खुद पे बनाया. क्या कलेजा है, बोलते."

मला आधी कळेचना. मग कळलं. आपल्याकडचा शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव आणि गाव घालतो. प्रत्येक पोवाड्याला असतं ते. माझ्या इंग्रजांना ही रीत नव्हती, आणि मी त्यांच्या नादात आपली विसरलो होतो. साखऱ्यात ग्यानबाला ओळखत होते म्हणून तिथे ती शिवी ठरली. पण लांबच्या गावांना ग्यानबा कोण ते काय ठाऊक? त्यांनी शेवटच्या ओळीत नाव-गाव ऐकलं आणि समजले, हाच शाहीर. स्वतः पळालो हे स्वतःच्या तोंडानं गातोय! शिरड शहापूरला, आबांच्याच गावात, लोक त्याला मानायला लागले होते. आबांची बायको — सगळे त्यांना काकी म्हणायचे — काकी म्हणाल्या होत्या, त्याला बोलवा. एवढं कबूल करणारा माणूस मला एकदा पाहायचाय.

आबांच्या नावानं तिथे पिंपळाला ओटा बांधला होता. हुरड्याच्या दिवसांत कार्यक्रम ठरला. शाहीर म्हणून ग्यानबाला बोलावणं गेलं, आणि आबांना मांडीवर घेऊन बसलेला म्हणून मला.

आता ते सांगतो. ज्याच्याभोवती मी इतका वेळ घिरट्या घालतोय ते.

ग्यानबा गड्यांना घेऊन पलीकडे गेला, त्यानंतर वर रस्त्यावर लॉरी सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. ती लांब जाताना ऐकली. मग काहीच नाही. पाखरंसुद्धा नाहीत. भीती संपली होती, तुम्हाला कळतंय ना? मी उठू शकत होतो. आबा माझ्यापासून हाक मारायच्या अंतरावर होते, आणि त्यांनी मारली. त्यांनी मला लव्हाळ्यात पाहिलं होतं, केव्हा ते मला माहीत नाही. ते म्हणाले, "केशवा, पाणी." मास्तर नाही म्हणाले. केशवा म्हणाले, घरच्या पोराला म्हणावं तसं. मी हललो नाही. पुन्हा म्हणाले. पाणी माझ्या पायांवरून वाहत होतं.

का गेलो नाही? आबा जगले तर आमराईत सांगतील, मास्तरनं धोतर फाडून घेतलं. मी एवढाच विचार केला. वाट पाहिली. त्यांचा आवाज थांबायची वाट पाहिली आणि तो थांबल्यावरही थोडा वेळ पडून राहिलो, खात्री व्हावी म्हणून. मग जाऊन त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

शिरडला खूप लोक होते. काकी पुढेच बसल्या होत्या, पांढरं लुगडं, हात मांडीवर. ग्यानबा ओट्यावर उभा राहिला. वाळला होता. डफ दुसऱ्या कोणाचा तरी मागून घेतलेला. त्यानं पोवाडा म्हटला, माझा पोवाडा, भसाड्या आवाजात, एक शब्द न गाळता. शेवटचं कडवं आलं आणि तो थांबला.

"हे येवढं मला येत न्हाई," तो म्हणाला. "मास्तरला बराबर येतंय. मास्तर म्हणतील."

लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. ओट्यावर गेलो. त्यानं मला काय दिलं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. शेवटच्या ओळीत नाव बदलायचं, बस. लव्हाळ्यात केशव, डोंगरकड्याचा रहिवासी. चालीतही बसत होतं. समोर काकी होत्या, आणि मला वाटतं ग्यानबाची ती बहीणही असेल बायकांत, मी पाहिलं नाही तिकडे. त्याची अब्रू, तिचा मोडलेला संसार, काकींना आपल्या माणसाच्या मरणाचं खरं — सगळं त्या एका ओळीत मावत होतं.

मी म्हटलं — ग्यानबा, साखऱ्याचा रहिवासी. खणखणीत म्हटलं. टाळ्या पडल्या.

काकी उठून आल्या. मला नमस्कार केला. ग्यानबाच्या हातात नारळ दिला आणि म्हणाल्या, "लेकरा, तू कबूल तरी केलंस." तो त्यांच्या पायांवर वाकला.

मग तो ओट्याच्या कोपऱ्यात गेला. तिथे पाण्याचा तांब्या झाकून ठेवला होता. तो घेऊन माझ्यापुढे आला, सगळ्यांदेखत, दोन्ही हातांत धरून.

"घ्या मास्तर," तो म्हणाला. "पाणी घ्या. तोंड कोरडं पडलं असंल."

मी तांब्या घेतला. तो समोर उभा राहिला. मी प्यालो, रिकामा होईपर्यंत प्यालो, आणि तांब्या त्याच्या हातात परत दिला.